शेवटचे शब्द कोणाचे?

शास्त्रपाठ : लूक २३ : ३९-४३



अठराव्या शतकात लंडनच्या न्यूगेट तुरुंगातून फाशीच्या कैद्यांना गाडीत घालून सुमारे तीन मैलांवरील टायबर्नला नेत. वाटेत जत्रेसारखी गर्दी लोटे. मरण्यापूर्वी कैद्याने चार शब्द बोलावेत असा रिवाज होता. त्याचे 'अंतिम भाषण' छापून विकले जाई. तुरुंगाचा पाळकही कैद्यांच्या हकिगती व कबुलीजबाब छापून पैसे मिळवी. विल्यम होगार्थ यांच्या १७४७ च्या एका चित्रात कैदी अजून वाटेतच आहे, आणि एक बाई त्याचे अंतिम भाषण ओरडून विकते आहे! पाळक पुढे बग्गीत बसला आहे. गाडीत कैद्याशेजारी आहे तो एक मेथडिस्ट उपदेशक.

असे खरोखर घडलेही होते. जुलै १७३८ मध्ये चार्ल्स वेस्ली न्यूगेटला गेले. अखेरच्या घटकेचा पश्चात्ताप खरा असेल, असे त्यांना प्रथम वाटत नव्हते. तेथे मालकाची चोरी केलेला एक कृष्णवर्णी कैदी तापाने आजारी होता. ख्रिस्ताचे दुःखसहन ऐकून तो रडू लागला आणि हे सर्व माझ्यासाठी का, असे विचारू लागला. वेस्लींची शंका मावळली. ते रात्री कैद्यांबरोबर कोठडीत होते आणि १९ जुलैला टायबर्नला त्यांच्या गाडीवर चढले. फाशीखालील ती घटका त्यांनी आपल्या आयुष्यातील सर्वांत धन्य मानली.

आता आपल्या पाठाकडे वळू. वधस्तंभावरील अपराध्याने भाषण केले नाही. त्याने आपला दोष कबूल केला आणि फक्त आठवण ठेवण्याची विनंती केली. ती ऐकणारा प्रभू दूर बग्गीत नव्हता. त्याच्याच शेजारी वधस्तंभावर होता.

शिक्षकहो, मुलांकडून आपण साक्ष पाठ करून घेतो, तेव्हा ती कोणाची असते? त्यांच्या तोंडी तयार शब्द घालू नका, त्यांच्याजवळ बसा. कोणाविषयीही निराश होऊ नका. पण उद्यावरही ढकलू नका : अपराधी दोन होते, वळला एकच.

वर्गासाठी प्रश्न
१. पहिल्या अपराध्याने काय मागितले? दुसऱ्याने काय?
२. कोणाच्या पश्चात्तापावर विश्वास ठेवणे तुम्हाला जड जाते? का?
३. या आठवड्यात तुम्ही कोणाजवळ जाऊन बसाल?