मौल्यवान खेळाडू कोण? : निवडीच्या न्यायाचा एक अभ्यास

ब्राह्मणपुरीच्या आपल्या मैदानावर सायंकाळी कबड्डीचा सामना संपला, की खरा वाद सुरू होतो. सर्वोत्तम खेळाडू कोण? बहुतेक मुले चढाईत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्याचे नाव घेतात. कोपऱ्यात उभे राहून ऐन वेळी प्रतिस्पर्ध्याचा घोटा धरणारा मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. हा वाद लहान नव्हे. माणसाचे मोल कसे ठरवावे, हाच त्यातील प्रश्न आहे.

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीगमध्ये हाच वाद दरवर्षी रंगतो. तेथील ‘सर्वाधिक मौल्यवान खेळाडू’ असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने निवडलेले ५० मतदार ठरवितात. २०२२ पासून प्रत्येक मतदार पसंतीक्रमाने पाच नावे देतो व त्यांना १०, ५, ३, २, १ असे गुण मिळतात. २०२४ च्या हंगामात जॉश ॲलनला ३८३, तर लमार जॅक्सनला ३६२ गुण मिळाले. विशेष असे की, त्याच मतदारांनी त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट संघात ॲलनच्याच जागेवर जॅक्सनची निवड केली होती. म्हणजे ‘उत्तम’ एक आणि ‘मौल्यवान’ दुसरा! काहींना ही विसंगती वाटली. काहींच्या मते कौशल्य आणि संघाला झालेला उपयोग या भिन्न गोष्टी आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. २०१२ नंतर हा मान केवळ चेंडू फेकणाऱ्या सूत्रधारालाच मिळाला आहे. त्याच्यासाठी अंगावर धडका झेलणारे मानकरी ठरत नाहीत.

तेथे निदान मते मोजली जातात आणि जाहीर होतात. कसोटीच न सांगता बंद दाराआड निवड झाली, तर काय घडते हे आपल्या इतिहासात दिसते. पळवणकर बाळू हे त्या काळातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्याच्या मैदानावर चेंडू सर्वांचा एकच होता. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात मिळे. मुंबईच्या स्पर्धेतील हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना अधिकृतपणे कधीच लाभले नाही. आड आली ती जात. पुढे १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले, तेही भावंडांनी उघड निषेध नोंदविल्यानंतर.

यावरून आम्हांस तीन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. कसोटी आधी ठरवावी, नावे नंतर घ्यावीत. मत देणाऱ्याने आपले कारण चारचौघांत सांगावे. जे कारण उघड सांगता येत नाही, ते बहुधा पूर्वग्रहच असते. आणि ज्याचे काम डोळ्यांत भरत नाही, त्याच्याकडे मुद्दाम पाहावे.

वसतिगृहाचा प्रतिनिधी निवडताना, ‘आदर्श विद्यार्थी’ ठरविताना, एवढेच नव्हे तर गावच्या मतपेटीपुढे उभे राहतानाही हीच कसोटी लागते. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी या लेखाअखेर एक स्वाध्याय करावा : आपल्या वर्गातील, घरातील वा संस्थेतील असे एक नाव आठवावे, ज्याला कधी मानचिन्ह मिळाले नाही, पण ज्याच्यावाचून काम अडले असते. ते नाव का निवडले, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.