संगणक-जाळ्यांचा अभ्यास : सुरुवात कोठून करावी?



बी.एस्सी., बी.सी.ए. किंवा अभियांत्रिकीला गेलेली आपली अनेक मुले-मुली 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' या विषयाचा धसका घेतात. पुस्तक इंग्रजीत, शब्द अनोळखी. मग ओ.एस.आय. प्रतिमानाचे सात थर घोकायचे, उत्तरपत्रिकेत उतरवायचे आणि मोकळे व्हायचे. पुढे मुलाखतीत कुणी कागदावर एक पत्ता लिहून 'हे यंत्र कोणत्या नेटवर्कातले?' असे विचारले की तोंड बंद. घरच्यांनी उसनवारी करून भरलेली क्लासची फी तेथे कामी येत नाही.

म्हणून सात थर तूर्त बाजूला ठेवू. इंटरनेट चालते ते टी.सी.पी./आय.पी. या नियमांवर. अमेरिकेतील अर्पानेटने ते १ जानेवारी १९८३ रोजी स्वीकारले, आणि ओ.एस.आय.चे प्रतिमान प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले ते त्यानंतर, १९८४ मध्ये. आधी पत्ता शिकू.

पिनकोड आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृतचे कवी. चेन्नईच्या पेटीत पडलेले पत्र छाटणारा कर्मचारी ४४० हे पहिले तीन आकडे पाहतो आणि पत्र नागपूरच्या थैलीत टाकतो. पुढचे तीन आकडे कोणत्या टपाल कार्यालयाचे, ते नागपूरने पाहायचे. राउटर हेच काम करतो. जगातील प्रत्येक संगणकाची यादी त्याच्याजवळ नसते. पत्त्याचा सुरुवातीचा भाग पाहून पॅकेट कोणत्या वाटेने सोडायचे, एवढेच तो ठरवतो. (राउटरला 'मार्गनिर्देशक' म्हटल्याने तो सोपा होत नाही, हे शब्द आहेत तसेच वापरावेत.)

फरक एकच आहे. पिनकोडात रेषा तिसऱ्या आकड्यानंतर पक्की आहे, आय.पी. पत्त्यात ती सरकते. ती कोठे आहे, हे सबनेट मास्क सांगतो. मुले अडतात ती येथेच, आणि पाठांतर येथे मदत करत नाही. गणितच करावे लागते.

उदाहरण घ्या : १९२.१६८.१०.७७/२६. चौथ्या आवृत्तीचा आय.पी. पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातले पहिले २६ बिट नेटवर्कचे, उरलेले ६ यंत्राचे. दोनाचा सहावा घात ६४, म्हणजे एका गटात ६४ पत्ते. तेव्हा शेवटच्या आकड्याचे गट ०, ६४, १२८ आणि १९२ पासून सुरू होतात. ७७ पडतो ६४ ते १२७ मध्ये. गटातला पहिला पत्ता, ६४, नेटवर्कचा स्वतःचा. शेवटचा, १२७, सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी. यंत्रांना उरले ६२.

आता हे डोळ्यांनी पाहा. विहाराच्या अभ्यासिकेत दोन जुने संगणक आणि एक साधा स्विच असला तरी पुरे. संस्थेच्या सभासदांनी यात लक्ष घालावे, अशी विनंती आहे. एकाला शेवटचा आकडा ६० द्या, दुसऱ्याला ७०, दोघांना मास्क २५५.२५५.२५५.१९२. वायरी नीट जोडलेल्या असूनही पिंगला उत्तर येणार नाही, कारण दोघांमध्ये रेषा आहे आणि ती ओलांडून देणारा राउटर नाही. दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.० करा, लगेच उत्तर येईल. (न आल्यास विंडोजची फायरवॉल पाहा. पुष्कळदा तीच पिंग अडवते.) मग वायरशार्क हे विनामूल्य सॉफ्टवेअर चालू करून कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि टी.सी.पी. जोडणीच्या सुरुवातीची तीन पॅकेटे शोधा : विचारणा, होकार-सह-विचारणा, होकार. पुस्तकातली आकृती तेथे हलताना दिसते. संगणकच नसेल तर निदान एन.पी.टी.ई.एल.ची आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने मोबाईलवर फुकट पाहता येतात. इंग्रजी जड गेले तर थांबवून पुन्हा ऐकावे.

स्वाध्याय : १९२.१६८.१०.२००/२७ हे यंत्र कोणत्या नेटवर्कातले? यंत्राला ५ बिट, गट ३२ पत्त्यांचा. उत्तर १९२ आले पाहिजे, आणि सर्वांना हाक मारण्याचा पत्ता २२३. जमले की २०० च्या जागी ९५ घालून तेच पुन्हा करा.