ऑइलचा लाल दिवा लागला: इंजिन उघडण्याआधी प्रेशर मोजा

स्वतःचं गॅरेज सुरू करायचं ठरवलेल्यांसाठी आपण जी मालिका करतोय, तिचा हा पुढचा धडा. व्हिडिओत गेज लावून दाखवलंय. इथे तीच पद्धत क्रमाने लिहून देतोय, म्हणजे प्रिंट काढून गॅरेजच्या भिंतीवर लावता येईल.

विषय साधा वाटतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "दादा, ऑइलचा दिवा लागलाय, बघा जरा." पण याच कामात नवीन गॅरेजवाला दोन प्रकारे फसतो. एकतर दोन-तीनशेचा स्विच बदलून गाडी देऊन टाकतो आणि आठवड्याभरात इंजिन जाम होतं. नाहीतर घाबरून थेट "इंजिन बांधावं लागेल" सांगतो आणि बिघाड फक्त स्विचचा निघतो. दोन्हीकडे गिऱ्हाईक गेलं, आणि जाताना दहा जणांना सांगून गेलं.

मी शिकलो बीबीए, मेकॅनिकल नाही. गाडीचं काम मी आमच्या मिस्त्रींकडून शिकलो. म्हणून तांत्रिक भाग जेवढा लागतो तेवढाच सांगतो, पण तेवढा पक्का करून घ्या.

आधी समजून घ्या: प्रेशर येतं कुठून?

ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल क्रँक आणि बेअरिंगच्या मधल्या बारीक फटीतून जाताना अडतं, आणि त्या अडण्यातून प्रेशर तयार होतं. चांगल्या इंजिनात ही फट साधारण 0.02 ते 0.05 मिमी असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. बेअरिंग झिजली, फट वाढली, की ऑइल सहज निसटतं आणि प्रेशर पडतं. ऑइल पातळ झालं तरी तेच. पंपापर्यंत ऑइल पोचलंच नाही तरी तेच.

म्हणजे कारणं तीनच गटांत बसतात: ऑइल नीट येत नाही, पंप नीट ढकलत नाही, किंवा पुढे ऑइल फार सहज निसटतंय. चौथी शक्यता म्हणजे प्रेशर ठीक आहे आणि दिवाच खोटं बोलतोय.

दिवा काय सांगतो, काय सांगत नाही

बहुतेक गाड्यांत प्रेशर स्विच साधारण 0.2 ते 0.5 बारच्या आसपास काम करतो. त्याच्या खाली प्रेशर गेलं की दिवा लागतो. हायवेला 3000 आरपीएमवर चालणाऱ्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट प्रेशर लागतं. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवा खरोखर प्रेशरमुळे लागला असेल तर धोका आधीच सुरू झालाय. आणि दिवा विझलेला आहे म्हणजे प्रेशर चांगलं आहे, असं अजिबात नाही.

गिऱ्हाइकाचा फोन आला तर पहिलं वाक्य हेच: "गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चालवत आणू नका." टो करून आणायचा खर्च क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही. काही गाड्यांत ऑइल लेव्हलचा वेगळा पिवळा दिवा असतो. फोनवर रंग विचारून घ्या.

पायरी 1: डिपस्टिक आणि नाक

गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. मग डिपस्टिक काढा. तीन गोष्टी बघा.

लेव्हल: खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल कुठे गेलं ते शोधा. गळती आहे, की इंजिन ऑइल खातंय? नुसतं टॉप-अप करून गाडी सोडू नका. लेव्हल वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर तेही वाईट. क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने प्रेशर टिकत नाही.

वास: पेट्रोल-डिझेलचा वास येतोय का? 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्या गावातल्या गावात फिरत असतील तर धुराच्या फिल्टरची सफाई अर्धवट राहते, डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल वाढते. गिऱ्हाईक खुश असतं की "माझी गाडी ऑइल खातच नाही". प्रत्यक्षात ऑइल पातळ झालेलं असतं.

रंग: दुधाच्या चहासारखं दिसलं तर कूलंटचं पाणी आत गेलंय. इंजिन चालू करू नका, तपासाची दिशाच बदलली.

आणि शेवटचं ऑइल कधी, कुठलं, कुठल्या ग्रेडचं टाकलं हे विचारा. 'लोकल ड्रममधलं' असं उत्तर आलं तर तसंच जॉब कार्डवर लिहा.

पायरी 2: वायर आणि स्विच

इग्निशन ऑन, इंजिन बंद: दिवा लागला पाहिजे. आता एका वायरच्या साध्या स्विचची वायर काढा. दिवा विझला पाहिजे. वायर काढूनही दिवा चालूच असेल तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. तो वायरिंगचा फॉल्ट, इंजिनाचा नाही. स्विचच्या कनेक्टरमध्ये ऑइल भरलेलं दिसलं तर स्विच आतून फुटलाय.

नवीन गाड्यांत स्विचऐवजी सेन्सर असतो आणि दिवा ईसीयू लावतो. तिथे ही वायरची युक्ती चालत नाही. स्कॅनर लावा आणि त्या गाडीचं मॅन्युअल बघा.

स्विच खराब निघाला तरी इथे थांबायचं नाही. स्विच काढलाच आहे, तर त्याच भोकात गेज लावा.

पायरी 3: गेज

हा आजचा खरा धडा. मेकॅनिकल ऑइल प्रेशर गेज आणि अडॅप्टरचा सेट दोन-तीन हजारांत येतो. 0 ते 7 किंवा 0 ते 10 बारचा घ्या. मिस्त्री लोक 'किलो' म्हणतात. 1 किलो म्हणजे जवळपास 1 बार, आणि 1 बार म्हणजे 14.5 पीएसआय. अडॅप्टरचे आटे नीट जुळवा. जपानी बनावटीच्या बऱ्याच इंजिनांना 1/8 इंचाचे टेपर आटे असतात, युरोपियन गाड्यांत मेट्रिक. जबरदस्तीने फिरवलं तर ब्लॉकचे आटे जातील आणि भरपाई तुमच्या खिशातून. पाइप पंखा, बेल्ट आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. गरम ऑइल अंगावर उडालं तर भाजतं.

चार रीडिंग घ्या: थंड आयडल, थंड 2000 आरपीएम, पूर्ण गरम आयडल, पूर्ण गरम 2500 ते 3000 आरपीएम. स्टार्ट केल्यावर पाच-दहा सेकंदात काटा हललाच नाही तर लगेच बंद करा.

आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलशी ताडून बघा. मॅन्युअल हाताशी नसेल तर जुना ठोकताळा आहे: दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय. तो अंदाजासाठी ठीक, पण निकाल देताना मॅन्युअलच.

आता काटा काय बोलतो ते बघा:

- सगळीकडे प्रेशर बरोबर: दिवा खोटा. स्विच किंवा वायर.
- थंडीत चांगलं, गरम आयडलला पडतं, रेस केल्यावर वाढतं: ऑइल पातळ आहे, किंवा बेअरिंग नाहीतर पंप झिजलाय.
- थंड-गरम, कुठल्याही आरपीएमवर कमी: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, पंप गेलाय, किंवा स्ट्रेनरच्या पाइपची ओ-रिंग हवा ओढतेय.
- रेस धरून ठेवली की वाढण्याऐवजी पडत जातं: स्ट्रेनर चोक. पंप मागतोय तेवढं ऑइल वर येत नाही.
- काटा थरथरतो: लेव्हल कमी, फेस, किंवा सक्शनला हवा.
- शून्य: पंपाचा ड्राइव्ह तुटला किंवा सक्शन पाइप निसटला. पुन्हा स्टार्ट मारून बघू नका.

पायरी 4: स्वस्ताकडून महागाकडे

आधी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाका, रीडिंग पुन्हा घ्या. हलक्या फिल्टरमधला परतीचा व्हॉल्व्ह खराब असेल तर रात्री ऑइल खाली उतरतं आणि सकाळी स्टार्टला दिवा चार-पाच सेकंद राहतो. जुना फिल्टर फेकू नका, कापून कागद उलगडा. चमकणारा चुरा दिसला तर बेअरिंगवर संशय घ्या. बेअरिंगचा चुरा लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही, म्हणून चुंबकावर विसंबू नका.

तरीही कमीच असेल तर चेंबर खोला. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण आपले स्पीड ब्रेकर. चेंबरला खालून मार बसला की तळ वर येतो, स्ट्रेनर आणि तळातली जागा कमी होते, आणि ऑइल ओढायला जागाच उरत नाही. दुसरं कारण म्हणजे सिलिकॉन. चेंबर बसवताना सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन आत पिळून येतं, तुकडे सुटतात आणि जाळीवर जाऊन बसतात. इकोस्पोर्टच्या 1.0 लिटर टर्बो पेट्रोलसारख्या काही इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरतो. तिथे झिजलेल्या बेल्टचा भुगा जाळीत सापडतो.

जाळी साफ असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह, मग पंप. सगळ्यात शेवटी बिगएंडची एक कॅप उघडून बेअरिंग डोळ्यांनी बघा आणि प्लास्टिगेजने फट मोजा. त्यानंतरच 'इंजिन काम' हा शब्द तोंडातून काढायचा.

एकाच आठवड्यातल्या दोन गाड्या

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक पेट्रोल हॅचबॅक आली. मालक शिक्षक. दुसऱ्या एका गॅरेजने त्यांना इंजिन बांधायचं 40 हजारांच्या पुढचं एस्टिमेट दिलं होतं. सर बँकेच्या कर्जाचा विचार करत होते. गेज लावला: गरम आयडल 1.4 बार, 2500 ला 3.6. इंजिन ठणठणीत. स्विचच्या कनेक्टरमध्ये ऑइल होतं. स्विच बदलला, बिल हजाराच्या आत.

तीन दिवसांनी एक डिझेल टॅक्सी आली. तिचा स्विच दोनदा बदलून झाला होता. दिवा गरम झाल्यावर आयडलला लुकलुकायचा, म्हणून सगळे स्विचवरच ढकलत होते. गेज: गरम आयडल 0.3, आणि 3000 वर धरलं की 2.2 वरून उतरत 1.2. चेंबर खोललं तर तळाला पोचा आणि जाळीवर सिलिकॉनच्या पट्ट्या. नवीन चेंबर, साफ जाळी, नवी ओ-रिंग, ऑइल-फिल्टर. बिगएंडची कॅप उघडून बघितली, बेअरिंग वाचली होती. गरम आयडल 1.2 वर आला. अजून एक हायवे ट्रिप झाली असती तर त्या माणसाचं रोजचं उत्पन्नच बंद पडलं असतं.

दिवा दोघांचा सारखाच होता. फरक सांगितला तो काट्याने.

आता धंद्याचं बोलू

तपासणी फुकट करू नका. फुकट तपासली की तो तास कुठूनतरी वसूल करावा लागतो, आणि मग हात आपोआप पार्ट बदलायच्या कामाकडे वळतो. आमच्याकडे प्रेशर तपासणीचे 600 रुपये, आधी सांगून. त्याबदल्यात गिऱ्हाइकाला लेखी मिळतं: चार रीडिंग, ऑइलची स्थिती, गेजचा फोटो, आणि पुढची पायरी. त्या सरांनी 600 रुपये कुरकुर न करता दिले, कारण 40 हजार वाचले हे त्यांना कागदावर दिसत होतं.

एस्टिमेट टप्प्याटप्प्याने द्या. "आधी चेंबर खोलू, एवढे लागतील. आत काय दिसतं त्याचा फोटो पाठवतो, मग पुढचं ठरवू." काम झाल्यावर रीडिंग पुन्हा घ्या आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा. हाच तुमचा वॉरंटीचा आधार.

एक गिऱ्हाईक नक्की भेटेल: "गाडी विकायचीय, जाड ऑइल टाकून फक्त दिवा घालवा." 5W-30 च्या जागी 20W-50 टाकलं की दिवा काही दिवस जाईलही. पण सकाळच्या स्टार्टला ऑइल वर पोचायला उशीर लागतो, टर्बो आणि हायड्रॉलिक टॅपेट उपाशी राहतात, आणि झिजलेलं झिजलेलंच राहतं. ती गाडी घेणारा तुमच्याच तालुक्यातला असतो. इंजिन बसलं की तो आधी विचारतो, "शेवटचं काम कुणी केलं?" म्हणून सरळ सांगा, "दादा, रीडिंग लिहून देतो, पण दिवा लपवून देणार नाही." ते काम गेलं तर जाऊ द्या.

या आठवड्याचा अभ्यास

1. गेज आणि अडॅप्टर सेट घ्या. तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या पाच गाड्यांचे स्विचचे आटे वहीत लिहा.
2. सर्व्हिसला आलेल्या तीन चांगल्या गाड्यांचं प्रेशर मालकाला विचारून मोजा. चांगला काटा कसा दिसतो हे माहीत नसेल तर वाईट ओळखता येणार नाही.
3. जॉब कार्डवर चार रीडिंगचे रकाने छापून घ्या.
4. तपासणीचा दर ठरवा आणि बोर्डावर लिहा.

वही भरली की पुढच्या धड्याला या. त्यात जॉब कार्डवरून महिन्याचा नफा-तोटा कसा काढायचा ते बघू. भेटूया!