घरबसल्या समुपदेशन : मदत मागण्याची एक वाट



ताप आला की आपण डॉक्टरांकडे जातो. पण पती-पत्नीत महिनोन्महिने अबोला असतो, सासू-सून एकाच ओट्याशी पाठ फिरवून उभ्या राहतात, कॉलेजात जाणारी मुलगी ‘मी कुणालाच नको आहे’ म्हणते, तेव्हा मात्र आपण गप्प बसतो. दवाखान्याच्या पायरीवर ओळखीचे कुणी भेटले तर? ही भीती अनेकांना अडवते. अशांसाठी ऑनलाइन समुपदेशन ही एक वाट आहे. ती नीट समजून घेऊ या.

१. हे कसे चालते?
ठरलेल्या वेळी, साधारणपणे आठवड्यातून एकदा, पाऊण ते एक तास व्हिडिओ कॉलवर किंवा फोनवर बोलणे होते. पती आखातात किंवा जहाजावर असला तरी दोघांना एकत्र बोलता येते. समुपदेशक कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा करीत नाही. एकाने प्रश्नांचा भडिमार करायचा, दुसऱ्याने उठून निघून जायचे, हे भांडणाचे ठरलेले चक्र तो दोघांना दाखवून देतो. ज्याला स्वतःविषयी कमीपणा वाटतो, त्याला मनातले विचार तपासायला शिकवतो. ‘एका परीक्षेत नापास झालो’ ही घटना आहे. ‘मी नालायक आहे’ हा आपण काढलेला निष्कर्ष आहे. हा फरक कळणे ही सुधारणेची सुरुवात असते.

२. कोणाकडे जावे?
केवळ ‘समुपदेशक’ ही पाटी पाहून विश्वास ठेवू नये. शिक्षण, अनुभव व फी आधीच विचारावी. त्यात संकोच नसावा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषधे मात्र मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरच देतात. पैशांची अडचण असेल तर केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, विनामूल्य बोलता येते.

३. गुप्ततेचे काय?
पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणाने मोडत नाही. समुपदेशकावरही गुप्ततेचे बंधन असते आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला तसा हक्क दिला आहे. मात्र कुणाच्या जिवाला धोका असेल तर तेथे अपवाद आहे. उरलेली काळजी आपण घ्यायची. दार लावावे, कानाला हेडफोन लावावा. लहान घरात तेवढा एक तास इतरांनी बाहेर फेरी मारून यावे. हीसुद्धा प्रेमाची सेवाच आहे.

४. हे केव्हा पुरेसे नाही?
घरात मारहाण होत असेल तर तोच माणूस भिंतीपलीकडून ऐकत असू शकतो. तेथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी १८१ व तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. आत्महत्येचे विचार येत असतील, किंवा भास होत असतील, तर त्या व्यक्तीला एकटे न सोडता प्रत्यक्ष रुग्णालयात न्यावे.

५. मग प्रार्थनेचे काय?
‘श्रद्धा कमी पडली म्हणून समुपदेशक लागला’ असे बोलून आपण दुखावलेल्याला आणखी दुखावतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मुलाखत-ग्रंथात मोकळेपणाने सांगितले होते की, वयाच्या ४२ व्या वर्षी काही गोष्टींचा उलगडा व्हावा म्हणून ते सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका ज्यू मनोविश्लेषक स्त्रीकडे जात होते. ज्यांना पुढे अवघ्या ख्रिस्तसभेचे मेंढपाळ व्हायचे होते, त्यांना मदत मागण्यात कमीपणा वाटला नाही. मग आपण का लाजावे? पाय मोडला तर आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो. मनाच्या बाबतीतही तसेच करू या.

घरी बोलण्यासाठी :
(अ) आपल्या घरात कोण बरेच दिवस गप्प आहे?
(आ) त्याला किंवा तिला ‘तुला काय झालंय?’ असे न दरडावता, ‘मी ऐकायला बसलोय’ असे आपण या आठवड्यात म्हणू का?