खलाशांविना जहाज भाड्याने घेण्याआधी

ज्यांच्या नावाने आपलं वालचंदनगर ओळखलं जातं, त्या शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांच्या सिंदिया कंपनीने जहाजधंद्यात पाऊल टाकलं ते ‘लॉयल्टी’ हे जहाज विकत घेऊन. 5 एप्रिल 1919 रोजी ते मुंबईहून लंडनकडे निघालं. आज तेवढं भांडवल न घालताही टग, बार्ज किंवा अख्खं मालवाहू जहाज ताब्यात घेता येतं. बेअरबोट चार्टरमध्ये मालक नुसतं जहाज देतो. कप्तान, खलाशी, इंधन, देखभाल, ड्राय डॉक आणि बहुतेक करारांत विमासुद्धा घेणाऱ्याने बघायचा. खलाशांसकट मिळणाऱ्या जहाजापेक्षा याचं भाडं कमी असतं आणि इथेच नवा माणूस भुलतो. भाड्यातला हा फरक म्हणजे मालकाने स्वतःच्या खांद्यावरून उतरवून तुमच्या खांद्यावर ठेवलेल्या जोखमीची किंमत, असं मी मानतो.

मे 2021च्या तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 बार्ज बुडाला. बार्ज भाड्याने घेणाऱ्या कंपनीने तेव्हा सांगितलं, की त्याचा सागरी कारभार मालकाकडे होता. तो बचाव टिकणारा होता की नाही यात मी शिरत नाही. बेअरबोटमध्ये मात्र तसं म्हणायला जागाच उरत नाही. कप्तान तुम्ही नेमलेला, वादळात बंदर गाठायचं की थांबायचं हा निर्णय तुमच्या माणसाचा. कोणी म्हणेल, नोंदणीत नाव तर मालकाचं आहे! पण जहाजाच्या इंधनतेलामुळे होणाऱ्या प्रदूषणाविषयीच्या 2001च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘जहाजमालक’ या व्याख्येतच बेअरबोट चार्टरर, म्हणजे जहाज असं भाड्याने घेणारा, येतो. आपल्याकडच्या 2017च्या ॲडमिरल्टी कायद्यानुसार अशा चार्टररच्या देण्यापोटीही जहाज अटकवता येतं. मग मालक भरपाईसाठी तुमच्याच दारात उभा राहणार. जहाज बंद पडलं तर भाडं थांबेल, हा समजही सोडून द्यावा. खंडाने घेतलेल्या शेताचा ठरलेला खंड पाऊस पडो न पडो द्यावाच लागतो, तसंच हे भाडं सहसा चालूच राहतं.

‘विमा आहे ना’ हा आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. ‘ओशन व्हिक्टरी’ हे बेअरबोटवर दिलेलं जहाज ऑक्टोबर 2006मध्ये जपानच्या काशिमा बंदरातून वादळात बाहेर पडताना लाटरोधक भिंतीवर आदळलं आणि पुढे मोडलं. विमा चार्टररने भरलेला, पण दोघांच्या नावाने होता. अशा वेळी मालक चार्टररकडून पुन्हा नुकसानभरपाई मागू शकतो का, हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2017मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने नकार दिला. म्हणजे विम्याने चार्टररला तारलं खरं, पण ते करारातल्या एका कलमाच्या रचनेमुळे, आणि त्यावर न्यायाधीशांचंही एकमत नव्हतं. तुमच्या करारातलं कलम तसंच असेल, हे गृहीत धरू नका. सही करण्याआधी ते सागरी कायद्याच्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि जहाज ताब्यात घेण्याआधी त्याचा तळ तपासून दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरच्या सहीचा अहवाल मागा. परत देताना नेहमीची झीज कोणती आणि तुम्ही केलेलं नुकसान कोणतं, हे त्याच कागदावरून ठरतं.