हिवाळ्यांत घरांत फुलणारा कंद

कंद ही वस्तु आमच्या वाचकांस नवी नाहीं. कांदा, लसूण, हळद, आलें यांची लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास जमिनींत पुरलेला गड्डा पुढें काय देतो हें सांगण्याची गरज नसते. परंतु युरोपच्या उत्तरेकडील देशांत, जेथें हिवाळ्यांत जमीन गोठते व सूर्य जेमतेम सात-आठ तास दिसतो, तेथें लोक ऐन थंडींत घराच्या खिडकींत कंदास फूल आणतात. ही कला त्या देशांत फार दिवसांपासून चालत आलेली आहे. तिची माहिती या अंकीं देण्याचें आम्हीं योजिलें आहे, आणि त्याचीं कारणें दोन आहेत. एक, हायसिंथ, ट्यूलिप वगैरेंचे कंद अलीकडे आपल्या शहरांतूनही विकले जातात, व त्यांचा स्वभाव न कळल्यामुळें घेणाऱ्याचे पैसे पाण्यांत जातात. दुसरें, ज्या नियमानें ते कंद फुलतात, त्याच प्रकारच्या नियमावर आपल्या कांद्याच्या बियाण्याचें पीक अवलंबून आहे.

कंदाची रचना

कोणताही मोठा कांदा घेऊन तो उभा चिरून पाहावा. तळाशीं एक कठीण चकती दिसते. मुळें फुटतात तीं हिच्यापासून, व हीच खरें पाहतां त्या झाडाचें आंखूड झालेलें खोड होय. चकतीवर एकावर एक मांसल पापुद्रे असतात. हे पानांचे बुंधे असून त्यांत झाडानें पुढील हंगामासाठीं अन्न सांठविलेलें असतें. मध्यभागीं कोंब असतो. हायसिंथचा कंद शरदऋतूंत असाच चिरला तर कोंबाच्या पोटांत फुलांचा इवलासा तुरा तयार असलेला साध्या डोळ्यांनींही दिसतो. म्हणजे पुढील वर्षाचें फूल आंत तयार, त्याची शिदोरीही आंतच. घरांत फूल आणणाऱ्यास फक्त तें बाहेर काढावयाचें असतें, आणि म्हणूनच नुसत्या पाण्यावरही हा कंद फुलूं शकतो.

उष्णतेचें काम व थंडीचें काम

हा कंद मूळचा तुर्कस्तान, सिरिया, लेबानन या बाजूचा. तेथील उन्हाळा कोरडा व कडक, आणि हिवाळा थंड व ओला. पानें वाळल्यावर कंद उन्हाळाभर जमिनींत निजतो. पण ही झोंप वरवरची होय. हॉलंडमधील वागेनिंगेन येथील शास्त्रज्ञ ब्लाऊ यांनीं 1920 च्या सुमारास व त्यापुढें कित्येक वर्षें कंद चिरून, तपासून असें दाखविलें कीं, वरून निपचित दिसणाऱ्या कंदांत याच दिवसांत फुलाची घडण चाललेली असते. हायसिंथला या घडणीसाठीं सुमारें 25 अंश सेंटिग्रेडची ऊब लागते, ट्यूलिपला याहून कमी, 17 ते 20 अंश.

फूल घडलें तरी तें वर येण्यास थंडी लागते. ट्यूलिपला 5 ते 9 अंशांच्या थंडींत सुमारें 14 ते 16 आठवडे, व हायसिंथला 10 ते 14 आठवडे काढावे लागतात. या काळांत मुळें धरतात आणि दांडा लांबण्याची शक्ति कोंबांत येते. थंडी अपुरी पडली तर दांडा वाढत नाहीं. फूल पानांच्या बेचक्यांतच अडकून कुजतें किंवा वाळतें. सारांश, उष्णतेनें फूल घडतें व थंडीनें तें उठतें. हें एक सूत्र लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व कृति आपोआप समजते.

घरांत फुलविण्याची रीत

कंद निवडतांना तो हातास जड व घट्ट लागावा. मऊ पडलेला, तळाशीं निळसर बुरशी आलेला कंद घेऊं नये. व्यापारांत कंदाचें माप त्याच्या घेरावरून धरतात. हायसिंथचा 16 ते 18 सेंटिमीटर घेराचा कंद घरासाठीं पुरेसा होतो. हा कंद हाताळल्यानें पुष्कळांच्या हातांस खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावे.

सप्टेंबरअखेर किंवा आक्टोबरांत निचऱ्याचें भोंक असलेल्या कुंडींत भुसभुशीत माती भरून कंद असे बसवितात कीं त्यांचीं टोकें मातीवर दिसावीं. खत घालण्याचें कारण नाहीं. माती ओलसर असावी, चिखल होऊं नये. मग कुंडी तळघरांत किंवा बागेंत खड्डा करून, वर पेंढा व माती टाकून, अंधाऱ्या थंड जागीं ठेवतात. जे पाण्यावर वाढवितात ते गळा आवळलेलें कांचेचें भांडें घेतात. कंद वरच्या वाटींत बसतो व पाणी त्याच्या तळाच्या किंचित् खालीं राहतें. पाणी कंदास टेकलें तर तळ कुजतो. पाणी नासूं नये म्हणून भांड्यांत लोणारी कोळशाचा एक खडा टाकण्याची चाल आहे.

दहा-बारा आठवड्यांनीं मुळांनीं भांडें भरलें व कोंब तीन-चार बोटें वर आला म्हणजे कुंडी घरांत आणतात. येथें उतावीळपणा करणाऱ्याचें काम बिघडतें. थंड अंधारांतून एकदम शेगडीजवळ आणलेलें झाड पानें वाढवितें व फूल गमावतें. प्रथम आठवडाभर मंद उजेडांत, 12 ते 15 अंशांच्या खोलींत ठेवावें. कोंब हिरवा झाला म्हणजे खिडकीशीं न्यावें. यानंतर दोन-तीन आठवड्यांत फूल उमलतें व त्याच्या सुवासानें घर भरून जातें.

आणखी एक सावधगिरी. कंद सांठविलेल्या जागीं सफरचंद, केळीं किंवा दुसरीं पिकणारीं फळें ठेवूं नयेत. फळ पिकतांना इथिलीन नांवाचा वायु सोडतें. आंब्याच्या अढींत एक फळ पिकूं लागलें कीं शेजारचींही पिकतात, हा अनुभव प्रत्येक बागाईतदारास आहे. त्यांतही याच वायूचा हात असतो. जो वायु आंबा पिकवितो तोच ट्यूलिपच्या पोटांतली कळी मारतो.

आपल्या हवेंत काय होतें

आमच्या एका स्नेह्यांनीं पुण्यास ट्यूलिपचे दोन डझन कंद घेतले व नोव्हेंबरांत वाफ्यांत लाविले. रात्रीं अंगावर घोंगडी लागत होती, त्यामुळें थंडी पुरेशी आहे अशी त्यांची समजूत झाली. पानें आलीं, फूल एकही आलें नाहीं. दोष कंदाचा नव्हता. आपल्याकडे पहांटे पारा 10 अंशांवर उतरला तरी दुपारीं तो 28-30 वर जातो, व जमीन सरासरीनें उबदारच राहते. महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठीं कधीं कधीं दंव गोठतें, पण तेथेंही दिवसाची ऊब थंडीचा हिशेब मोडते. कंद घटकाभराची थंडी मोजीत नाहीं, आठवड्यांची मोजतो. काश्मीरांत श्रीनगरास ट्यूलिप उघड्यावर फुलतात, कारण तेथील हिवाळा खरोखरीच लांब व थंड असतो.

ज्यांस हौसेखातर प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं कंद कागदाच्या पिशवींत घालून शीतकपाटांत, 4-5 अंशांवर, फळांपासून दूर, हायसिंथ 10 ते 12 आठवडे व ट्यूलिप 14 आठवडे ठेवावे. मग डिसेंबरांत कुंडींत लावून, घरांतील सर्वांत थंड कोपऱ्यांत मुळें धरूं द्यावीं. विकत घेतांना 'या कंदास थंडी दिली आहे काय, व किती आठवडे?' हा प्रश्न व्यापाऱ्यास अवश्य विचारावा. त्याचें उत्तर देतां न येणाऱ्याकडून कंद घेऊं नये.

धंदा म्हणून ट्यूलिप लावण्याचा सल्ला मात्र सपाटीवरील शेतकऱ्यास आम्ही देत नाहीं. फुलून गेलेला कंद आपल्या उष्ण हवेंत पुन्हां भरत नाहीं. पानें लवकर वाळतात व कंद बारीक पडतो. म्हणजे दरवर्षीं नवे कंद विकत घेणें व त्यांस थंडी देणें, असा दुहेरी खर्च पडतो. ज्यांस कुंडींतील कंद हवाच आहे त्यांनीं दक्षिण अमेरिकेंतील हिप्पिएस्ट्रम, ज्यास बाजारांत अॅमरिलिस म्हणतात, तो लावावा. त्यास बर्फाळ थंडी लागत नाहीं, आठ-दहा आठवडे कोरडी विश्रांति पुरते. पाणी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांत तो फुलतो, व पानें राखून खतपाणी दिल्यास दरवर्षीं फुलतो. आणि विक्रीच्या फुलासाठीं मेक्सिकोहून आलेला आपला निशिगंध आहेच. त्यास थंडी सोसत नाहीं, ऊबच मानवते.

कांद्याच्या बियाण्यास हाच धडा

आतां आपल्या शेताकडे वळूं. कांदा हायसिंथहून एका बाबतींत वेगळा आहे. हायसिंथचें फूल उन्हाळ्यांतच आंत तयार होतें. कांद्याच्या पोटांत चाळींत असतांना फूल नसतें. तें घडविण्याचें कामच थंडी करते. म्हणून चाळींत उन्हाळा काढलेले निवडक कांदे आक्टोबर-नोव्हेंबरांत लावले कीं हिवाळ्याची थंडी खाऊन डेंगळे उठतात, व पुढें गोंड्यांत बीं भरतें. हेच कांदे उशिरां लावले तर पुरती थंडी न मिळाल्यानें डेंगळे कमी येतात. उलट, खाण्याच्या कांद्याचीं रोपें मोठीं होऊन थंडींत सांपडलीं तर नको तेथें डेंगळे येऊन माल खराब होतो. दोन्हीं ठिकाणीं शक्ति एकच. एका ठिकाणीं ती आपणांस हवी असते, दुसरीकडे नको असते. तारीख चुकविणारा शेतकरी हिला दैव म्हणतो, तारीख सांभाळणारा हिला कामास लावतो.

एक आठवण

कंदांतील सांठ्याची खरी किंमत हॉलंडच्या लोकांस 1944-45 च्या हिवाळ्यांत कळली. महायुद्धांत पश्चिम हॉलंडचा अन्नपुरवठा तुटला, कालवे गोठले, व 20,000 च्या आसपास माणसें भुकेनें दगावलीं. तेव्हां गोदामांत पडून राहिलेले ट्यूलिपचे कंद लोकांनीं मधला पिवळा कोंब काढून, उकडून खाल्ले. हायसिंथ व नरगिस यांचे कंद विषारी असल्यानें त्यांस हात लावतां येत नव्हता. ज्या देशानें 1593 सालीं लायडनच्या बागेंत क्लुसियसनें लाविलेल्या कंदांपासून पुढें एवढा व्यापार उभारला, त्याच देशावर आपलें बियाणें शिजवून खाण्याची पाळी आली. दुष्काळांत पेरणीचें ज्वारीचें बियाणें जात्यांत घालावें लागलेल्या घरांच्या गोष्टी ज्यांनीं वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील त्यांस यांतील दुःख निराळें सांगावयास नको.

कंद म्हणजे पुढील वर्ष. तो निवडून घ्यावा, वेळेवर निजवावा व वेळेवर उठवावा. खिडकींतील एका फुलासाठीं जो हा नियम पाळील, त्यास बियाण्याच्या वाफ्यांतही तो पाळणें जड जाणार नाहीं.