जिवाणू चालतो, बुरशी का नाही?

प्रश्न : हरभऱ्याच्या बियाण्याला आम्ही रायझोबियम चोळतो, ते मुळात शिरून गाठी करतात. मग मर रोगाच्या बुरशीला झाड परकं कसं ओळखतं? (एक शेतकरी, परतवाडा)

उत्तर : प्रश्न फार मोलाचा आहे. मुळाच्या पेशींवर ग्राही प्रथिने असतात, त्यांचं एक टोक पेशीबाहेर. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, म्हणजे साखरेच्या कड्यांची साखळी. त्या भिंतीचे तुकडे, विशेषतः सात-आठ कड्यांचे, या टोकात अडकले की पेशी संरक्षणाला लागते. रायझोबियम मुळाला रासायनिक निरोप धाडतात, तोही त्याच घडणीचा! फक्त कड्या चार-पाच आणि एका टोकाला स्निग्धाम्लाचं शेपूट. तो ओळखणारी ग्राही प्रथिने वेगळी, पण पहिल्यांची जवळची नातलग. डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी 2020 मध्ये दाखवलं की हा फरक ग्राहीच्या पेशीबाहेरच्या टोकातल्या एका छोट्या भागात आहे. मला हे शोधकाम विलक्षण सुंदर वाटतं.

मग तरीही झाड का मरतं? काही बुरश्या आपलं कायटिन झाकतात, काही झाडाचा इशाराच दाबतात. मर ओळखायला सुकलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. आत काळपट तपकिरी रेघ दिसली तर तो मर रोग.

उभ्या पिकात त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून वाणच प्रतिकारक घ्या, उदाहरणार्थ जाकी 9218. बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, रायझोबियम सगळ्यात शेवटी, आणि बियाणं सावलीतच सुकवा.